चलनातील नोटांचा शोध : छंद आणि पद्धती

नाणकशास्त्र म्हटले की सातवाहनांची नाणी किंवा शिवकालीन होन व शिवराई यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु बँकेतून मिळालेल्या चालू नोटांच्या पुडक्यातूनही संग्राह्य नोट निवडून काढता येते, व तीही केवळ दर्शनी किमतीत, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. नको असलेल्या नोटा पुन्हा व्यवहारात खर्च करता येत असल्यामुळे या छंदात भांडवल बुडत नाही. खर्ची पडतो तो वेळ. काय पाहावे आणि ते का पाहावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रथम क्रमांकाचा विचार करू. नोटेवर अंक व अक्षरे मिळून झालेला उपसर्ग आणि त्यापुढे क्रमांक असतो. शंभर नोटांच्या कोऱ्या पुडक्यात हे क्रमांक ओळीने येतात. ऑगस्ट २००६ पर्यंत रिझर्व्ह बँकेच्या सर्व नव्या नोटांत ही ओळ अखंड राखली जात असे. त्यानंतर छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी तारांकित नोट घालण्याची पद्धत सुरू झाली. हिच्या उपसर्ग व क्रमांक यांच्यामध्ये तारकाचिन्ह असते. अशा पुडक्यात नोटा शंभरच असतात, परंतु क्रमांक सलग नसतात. त्याच्या वेष्टनपट्टीवर तशी सूचनाही छापलेली असते. काहींना ही नोट खोटी वाटते. वस्तुतः ती इतर नोटांप्रमाणेच कायदेशीर चलन होय, असा खुलासा बँकेने जुलै २०२३ मध्ये केला. संग्राहकाच्या दृष्टीने मात्र ते छापखान्यातील एका दोषाचे अधिकृत स्मारकच आहे.

दुसरे लक्ष द्यावयाचे ते बदलांच्या जुळणीकडे. गव्हर्नरांची सही, मागील बाजूवर २००५ पासून छापले जाणारे वर्ष, क्रमांकाच्या पट्टीत फिकट दिसणारे लहान अक्षर, २०१० मध्ये स्वीकृत झालेले रुपयाचे चिन्ह आणि २०१५ पासून आलेले चढत्या आकाराचे अंक हे बदल एकाच वेळी झालेले नाहीत. त्यामुळे संक्रमणकाळातील काही जुळण्या अल्पायुषी ठरतात. उदाहरणार्थ, २०१६ हे वर्ष असलेल्या वीस रुपयांच्या नोटा रघुराम राजन व ऊर्जित पटेल या दोघांच्याही सह्यांच्या आढळतात. एक रुपयाची नोट तर रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते व तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. १९९४ मध्ये थांबलेली तिची छपाई २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

तिसरी गोष्ट नोटेच्या स्थितीची. नोटांची पुडकी पिना मारून बांधू नयेत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये बँकांना दिला. तत्पूर्वीच्या नोटांवर पिनांची भोके सर्रास दिसतात; म्हणून बिनभोकाची जुनी नोट अधिक मोलाची. निवडलेल्या नोटेला चिकटपट्टी लावू नये, तिच्यावर काही लिहू नये.

हा शोध केवळ करमणुकीचा नाही. मळलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे परत गेल्यावर यंत्राने बारीक कातरल्या जातात. म्हणजे नाशिकच्या छापखान्यात १९२८ पासून, व पुढे देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे, छापल्या गेलेल्या कागदाचा फार मोठा भाग कोणतीही नोंद न होता नष्ट होतो. पुडके मिळाल्याची तारीख, गाव, पहिला व शेवटचा क्रमांक आणि छपाईचे वर्ष यांची वही ठेवल्यास कोणती नोट कोठे व किती काळ टिकली, याचा पुरावा निर्माण होतो. अशा वह्या अभ्यासकांच्या उपयोगी पडतील.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे व हजारांच्या नोटा एकंदर दहापेक्षा अधिक बाळगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली. अभ्यास, संशोधन अथवा नाणकशास्त्र यांसाठी ही मर्यादा पंचवीस आहे. तसेच जुन्या नोटांना लाखो रुपये देऊ करणाऱ्या व त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून शुल्क मागणाऱ्या जाहिरातींपासून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेस सावध केले आहे. नोटेची खरी किंमत तिची दुर्मिळता, स्थिती आणि मागणी यांवर ठरते. किमतीची हाव सुटली म्हणजेच नोट वाचता येऊ लागते.