ताप आल्यावर कोण येतं?

27 नोव्हेंबर 2018 रोजी राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. 9 महिने ते 15 वर्षे वयाची सव्वातीन कोटींहून अधिक मुलं डोळ्यांपुढे होती आणि सुरुवात शाळांपासून होती. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरसारख्या तालुक्याला लस काही नवी नव्हती. थंडपेटी घेऊन आलेली सिस्टर, लेकरू मांडीवर घेऊन अंगणवाडीत बसलेल्या आया, हे ओळखीचं चित्र. पण सातवीतल्या धडधाकट पोराला वर्गातून उठवून सुई देणं नवं होतं. ‘त्याला काय झालंय म्हणून?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच होता. त्याला उत्तर मिळायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरू लागले. सुई घेतली की पुढं मूल होत नाही, हा त्यातला सगळ्यांत चिवट.

फेब्रुवारी 2017 मध्ये कर्नाटक-तमिळनाडूत मोहीम झाली, तेव्हाही हेच फिरलं होतं, आणि बीदर इथून काही फार लांब नाही. आपल्याकडे मालेगाव, भिवंडी, मुंब्रा इथं अनेक घरांनी मुलांना सुई द्यायचं नाकारलं. गंमत अशी की जिला परक्यांचं कारस्थान म्हटलं गेलं, ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते.

अफवा वंध्यत्वाचीच का, याचं उत्तर शोधायला चाकूरहून बार्शीपर्यंत गेलं तरी पुरे. जानेवारी 1976 मध्ये, आणीबाणीत, बार्शीत नसबंदीची मोहीम झाली. दहा दिवसांत हजार शस्त्रक्रियांचं लक्ष्य होतं आणि माणसं धरून नेल्याच्या तक्रारी तेव्हाच झाल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. ज्या पिढीनं हे पाहिलं, तीच आता आजी-आजोबा आहे आणि सुनेनं लेकराला सुईला न्यायचं की नाही, यात अजून तिचा शब्द चालतो. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. मला त्यांची स्मरणशक्ती सरकारपेक्षा चांगली वाटते.

त्याआधीचा काळ देवीचा. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा, आणि टोचणारा गावात आला की पोरं लपवायची. तरीही देवी गेल्या. देशातला शेवटचा रुग्ण 1975 मधला. साठी ओलांडलेल्यांच्या दंडावरचे वण अजून दिसतात. पोलिओनं वेगळी परीक्षा घेतली. 1995 पासून दरवर्षी तेच दोन थेंब, तीच डाव्या करंगळीवरची शाई. ‘एकदा पाजलं ना, परत कशाला?’ ही शंका घरोघर होती. फेरीमागून फेरी काढल्यावर देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पण कमावलेला भरवसा एका दिवसात कसा घालवावा, हेही आपण दाखवलं. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. सुदैवानं मुलं वाचली. पुढच्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यातल्या रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची सुई घेतल्यानंतर 3 बालकं दगावली. लस हाताळण्यात हलगर्जी झाल्याचं पुढं आलं, कर्मचारी निलंबित झाले. विरघळवलेली कुपी 4 तासांत संपवायची, उरली तर फेकायची, हा साधा नियम. तो मोडला की लस चांगली असूनही लेकराच्या जिवावर बेतू शकतं. या घटना ‘अफवा’ म्हणून झटकता येत नाहीत. खरी चूक लपवली की दहा खोट्या गोष्टी तिच्या आडोशानं जगतात. कुणाची चूक, काय कारवाई झाली, आता काय बदललं, हे गावातल्या बायांना सरळ सांगणारा माणूस मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा वाटतो.

कोविडच्या लसीवेळी, 2021 च्या अखेरीस, नांदेड राज्यातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांत होतं. औरंगाबादेत लस नाही तर पेट्रोल नाही, रेशन नाही, असा हुकूम निघाला. आकडे वाढतात अशानं, विश्वास नाही. तोवर टाळेबंदीत लेकरांच्या नेहमीच्या सुया चुकल्या होत्या. 2022 च्या हिवाळ्यात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, मुलं दगावली, तेव्हा ते उघडकीस आलं.

मग भरवसा परत येतो कशानं? दीड महिन्याच्या लेकराला डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट दिल्यावर सिस्टरनं चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढं कधी यायचं, कार्ड जपून ठेवायचं. सत्राला गर्दी असली की यातली दुसरी गोष्ट गिळली जाते, आणि नेमकी तीच महत्त्वाची. रात्री लेकरू फणफणतं, मांडीवर गाठ येते, आईचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. ‘ताप येईल मावशी, एक-दोन दिवसांत उतरंल, हे औषध इतकंच पाजा,’ असं आधी सांगून दुसऱ्या सकाळी आशाताई जिथं दारात येऊन लेकराच्या कपाळाला हात लावते, त्या घरात दुसऱ्या डोसाला समजूत काढावी लागत नाही. मौलवींचं आवाहन, गुरुजींचा शब्द, सरपंचाच्या नातवाला आधी दिलेली सुई, हे सगळं उपयोगी पडतं. पण ते मोहिमेपुरतं.

आणि श्रद्धा म्हणजे इलाज सोडणं असंही इथं कुणी मानत नाही. चाकूरजवळच्या वडवळ नागनाथच्या बेटावर वनौषधींसाठी माणसं श्रद्धेनं जातात आणि लेकराचं कार्डही भरून घेतात. त्यांना दोन्हींत भांडण दिसत नाही. ते लावायला जाणारा शहाणाच तोंडघशी पडतो.

अडतं ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरांपाशी. दिवाळीनंतर मराठवाड्यातून टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सुईचा नववा महिना, सोळावा महिना नेमका फडात येतो. कारखान्याच्या गावची सिस्टर अनोळखी, तिची भाषा कधी कानडी, आणि ताप आलेलं लेकरू पाचटाच्या कोपीत ठेवून आईला पहाटे कोयता घेऊन निघायचं असतं. तिनं नको म्हटलं तर त्याला गैरसमज म्हणून नोंदवलं जातं.