विजेचीं हत्यारें बॅटरीवर : गिरगांवांतील एका सुताराचा हिशेब

शेतकऱ्याच्या घरीं विजेचीं हत्यारें आतां नवलाचीं राहिलीं नाहींत. भोंकें पाडण्याचें ड्रिल, लोखंड कापण्याचा ग्राइंडर, लांकूड कापण्याची फिरती करवत, यांपैकीं एखादें तरी पुष्कळ वाड्यांत सांपडतें. पण या हत्यारांचें शेंपूट भिंतींतील प्लगला बांधलेलें असतें, आणि आपलें निम्में काम असतें शेतावर, जेथें प्लग नाहीं. किंवा अशा वेळीं, जेव्हां प्लग असून वीज नाहीं. हीं वायरचीं हत्यारें बॅटरीवर चालवितां येतील काय, व येत असल्यास कोणत्या बेतानें, याचा विचार येथें केला आहे.

हा विचार करणें प्रस्तुत लेखकास भाग पडलें तें नुकसान सोसून. गेल्या वर्षीं वैशाखांत कांदाचाळ बांधण्याचें काम चालू असतां वादळानें आमच्या बाजूचे विजेचे खांब पाडले. चाळीचा सांगाडा उभा होता, पत्रे जागेवर आले होते, कांदा खळ्यांत पडून होता. पण पत्र्यांस भोंकें पाडून बोल्ट बसविण्याचें काम अडलें. घाईनें मुंबई गांठून एका दुकानांतून स्वस्तांतला इन्व्हर्टर आणला. त्यावर १००० हा आंकडा होता, आणि आमचा ग्राइंडर ८५० वॅटचा. तेव्हां हजारांत साडेआठशें सहज बसतील असें वाटलें, व दुकानदारानेंहि मान डोलावली. खटका दाबतांच ग्राइंडर गुरगुरला आणि इन्व्हर्टर बंद पडला. ड्रिल फिरलें, पण त्याचा वेग कमीजास्त करणारा खटका तासाभरांत तापून निकामी झाला. पाऊस तिसऱ्या दिवशीं आला, वीज चवथ्या दिवशीं. ताडपत्रीखालीं झांकलेल्या कांद्यापैकीं बराच नासला. दुकानदारास दोष देतां येईल. पण आंकडा न समजतां पैसे मोजले ते आम्हीं.

गिरगांवांतील गाडा

यंदा पौषांत गिरगांवांत एका आप्ताकडे जाणें झालें. शेजारची एक जुनी चाळ दुरुस्तीसाठीं रिकामी केली होती व तिची वीज तोडलेली होती. तरीहि वरच्या मजल्यावरून ड्रिलचा आवाज येत होता. कुतूहलानें आंत गेलों, तों जिन्याच्या तळाशीं दोन चाकांच्या गाड्यावर एक बॅटरी व एक इन्व्हर्टर ठेवलेला, आणि तेथून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेली लांब वायर दिसली. काम करणारा सुतार मूळचा राजापूरकडील, राहणारा परळचा. बॅटरी खालींच कां ठेवली, असें विचारतां तो म्हणाला, "काका, बॅटरी वर न्यावी तर पाठ जाते, तिची तार वर न्यावी तर ताकद जाते."

या एका वाक्यांत विषयाचें अर्धें मर्म आहे. ६०० वॅटचें ड्रिल भिंतींतील २३० व्होल्टच्या विजेवर सुमारें अडीच अँपिअर प्रवाह घेतें. तेंच काम १२ व्होल्टच्या बॅटरीकडून करून घ्यावयाचें, तर इन्व्हर्टरमधील तूट धरून जवळजवळ ६० अँपिअर प्रवाह बॅटरीच्या तारेंतून वाहतो. इतका प्रवाह लांब तारेंतून नेल्यास तार तापते व पुष्कळ शक्ति वाटेंतच नाहींशी होते. म्हणून बॅटरी व इन्व्हर्टर यांमधील तार जाड आणि हातभर असावी, आणि लांबी लागेल ती इन्व्हर्टरच्या पुढें, २३० व्होल्टच्या बाजूस घ्यावी. शेतावरहि हाच नियम : बॅटरी बांधावर सांवलींत, वायर कामापर्यंत.

इन्व्हर्टर काय करतो

बॅटरींतील प्रवाह एकाच दिशेनें वाहतो. त्यास दुकानांत डी. सी. म्हणतात. भिंतींतील प्रवाह सेकंदांत ५० फेरे करून दिशा पालटतो, तो ए. सी. पहिल्याचें दुसऱ्यांत रूपांतर करणारी पेटी म्हणजे इन्व्हर्टर. मुंबईकर ही करामत नकळत रोज अनुभवतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धांवली, ती १५०० व्होल्टच्या डी. सी. प्रवाहावर. पुढें पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्यें व मध्य रेल्वेवर २०१५-१६ मध्यें उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टचा ए. सी. प्रवाह आला. दादर स्टेशनांत उभ्या असलेल्या नव्या गाडीच्या पोटांत हा प्रवाह प्रथम डी. सी. होतो, आणि मग इन्व्हर्टरमधून पुन्हां ए. सी. होऊन मोटारींस मिळतो. सुताराच्या गाड्यावरील पेटी ही त्याच जातीची, फक्त लहान.

इन्व्हर्टर घेतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, आंकडा वॅटचा कीं व्ही. ए. चा. १००० व्ही. ए. चा इन्व्हर्टर बहुधा ८०० वॅटच्या आसपासच भार उचलतो. आमचा ग्राइंडर तेथेंच अडला. दुसरी, सुरुवातीचा झटका. कोणतीहि मोटार जागची हलतांना चालू असतांनापेक्षां कितीतरी अधिक प्रवाह ओढते. म्हणून ड्रिल-ग्राइंडरसाठीं हत्याराच्या दुप्पट वॅटचा इन्व्हर्टर धरावा. तिसरी, लहरीचा आकार. 'स्क्वेअर वेव्ह' जातीचा इन्व्हर्टर दिव्यांस चालतो. पण वेग बदलणाऱ्या खटक्याचीं हत्यारें त्यावर बिघडतात. हत्यारांसाठीं 'प्युअर साइन वेव्ह' असें स्पष्ट लिहिलेलाच घ्यावा. लोहार चाळींत विजेचें सामान आणि नागदेवी स्ट्रीटवर हत्यारें मिळतात. तेथें जातांना हत्यारावरील पट्टीचा आंकडा कागदावर उतरून न्यावा.

बॅटरीचा हिशेब

घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेऊं. १२ गुणिलें १५० म्हणजे १८०० वॅट-तास झाले. पण शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याखालीं उतरविल्यास लवकर मरते. म्हणून ९०० धरावे. इन्व्हर्टरमध्यें शेंकडा १५ तूट गेली, म्हणजे हातीं सुमारें ७६५ राहिले. ६०० वॅटचें ड्रिल पूर्ण जोरानें अखंड चालविल्यास हे सव्वा तासांत संपतील; आणि एवढा मोठा प्रवाह एकसारखा ओढल्यास बॅटरी त्याहूनहि थोडें कमीच देते. परंतु ड्रिल अखंड कोण चालवितो? भोंक पाडण्यास अर्धें मिनिट, पुढची खूण करण्यास चार मिनिटें. म्हणूनच त्या सुताराचा दिवस एका भरण्यांत निघतो, आणि तो रात्रीं परळास बॅटरी पुन्हां भरतो. किती भोंकें पाडलीं व बॅटरी किती उतरली हें तो वहींत मांडतो, आपणहि मांडावें.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी महाग पडते, पण वजनानें फार हलकी असते, शेंकडा ८० पर्यंत बिनधोक उतरवितां येते आणि पुष्कळ अधिक वेळां भरतां येते. जें ओझें शेतापर्यंत वाहावयाचें, त्यास ती योग्य. मात्र तिचा चार्जर निराळा लागतो. ट्रॅक्टरची बॅटरी या कामीं लावूं नये. ती इंजिनास क्षणभर मोठा धक्का देण्यासाठीं घडविलेली असते. तासन्‌तास उतरविल्यास खराब होते, आणि पेरणीच्या दिवशीं ट्रॅक्टर उभा राहतो.

काय चालवावें, काय चालवूं नये

ड्रिल, ग्राइंडर व हातकरवत यांच्या मोटारींत कार्बनचे ब्रश असतात. हीं हत्यारें थोडा वेळ चालून थांबतात व बॅटरीस झेपतात. कडबाकुट्टीची गोष्ट निराळी. तिची दोन अश्वशक्तीची मोटार सुमारें १५०० वॅटचें काम देते, घेते त्याहून अधिक, आणि सुरू होतांना पांचसहा पट प्रवाह ओढते. तिच्यासाठीं इन्व्हर्टर घेणें म्हणजे कोंबडीसाठीं गोठा बांधणें. पाण्याच्या पंपासहि बॅटरी लावूं नये. सौर पंप दिवसा चालवून पाणी टाकींत किंवा शेततळ्यांत साठवावें. पंपाची खरी बॅटरी तीच.

ब्रशच्या मोटारी डी. सी. वरहि फिरतात असें ऐकून कित्येक जण वीस बॅटऱ्या ओळीनें जोडून ड्रिल थेट चालवूं पाहतात. हें प्राणघातक आहे. ए. सी. प्रवाह सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येतो, म्हणून खटक्यांतील ठिणगी विझते, डी. सी. ची ठिणगी पेटून राहते, आणि वेगाचा खटका सोडला तरी हत्यार थांबत नाहीं. इन्व्हर्टरची वीजहि भिंतींतील विजेइतकीच मारक आहे. ओल्या जमिनींत उभें राहून हत्यार धरूं नये. बॅटरीजवळ फ्यूज बसवावा. शिशाची बॅटरी भरतांना ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून ती मोकळ्या हवेंत भरावी. इन्व्हर्टरची वायर घराच्या प्लगमध्यें उलटी खोंचूं नये. खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाईल.

शेवटीं एक प्रश्न उरतो : वायरचीं हत्यारें ठेवावीं कीं बॅटरीचींच नवीं घ्यावीं? अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीनें बॅटरीवरील ड्रिल १९६१ मध्यें बाजारांत आणलें, व आजचीं त्याहून पुष्कळ सुधारलेलीं आहेत. ज्यास एका ड्रिलपुरतेंच काम आहे, त्यानें तें घ्यावें. ज्याच्या घरीं तीनचार वायरचीं हत्यारें आधींच आहेत, त्यास एक गाडा स्वस्त पडेल. आणि जेथें वायर पोंचते तेथें वायरच बरी. तो सुतार भाद्रपदापूर्वीं लालबागेंत मंडप उभारतो, तेथें 'बेस्ट'ची तात्पुरती वीज मिळते. त्या दिवसांत त्याचा गाडा घरींच असतो.

आमची कांदाचाळ यंदा फाल्गुनांतच पुरी झाली, ती अशाच एका गाड्यावर. ज्या सभासदांनीं असा प्रयोग केला असेल, त्यांनीं हत्याराचे वॅट, बॅटरीचें माप आणि झालेलें काम हे तीन आंकडे कळवावे. म्हणजे पुढच्या वळवाच्या आधीं इतरांस आपला बेत नीट करतां येईल.