विकसनशील देशांतील पशुधनविषयक आकडेवारीची विश्वसनीयता : भारतीय पशुगणनेच्या संदर्भात

प्रस्तावना :
विकसनशील देशांत लसीकरण, चाराटंचाई निवारण व दुग्धविकास यांचे नियोजन जनावरांच्या संख्येवर आधारलेले असते. संख्या सदोष असल्यास लस अपुरी पडते, चाऱ्याचा अंदाज चुकतो आणि त्याची झळ लहान पशुपालकाला बसते. म्हणून आकड्यांइतकीच ते मिळविण्याची पद्धतही तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारताच्या संदर्भात हा विचार केला आहे.

पशुगणनेच्या मर्यादा :
भारतात १९१९-२० पासून पशुगणना होत आली असून प्रगणक घरोघरी जाऊन नोंद घेतात. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या २० व्या गणनेनुसार देशात ५३.५८ कोटी पशुधन होते. २०१२ च्या तुलनेत ही वाढ ४.६ टक्के होती. दोन्हींपैकी एका गणनेत काही टक्के जनावरे सुटली असल्यास या वाढीचा अर्थच बदलतो. जनावरे सुटण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) भटके कळप : महाराष्ट्रातील धनगर मेंढपाळ पावसाळ्यानंतर देशावरून कोकणात उतरतात. घर हा गणनेचा आधार असल्यास असे कळप निसटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या गणनेत भटक्या पशुपालकांची माहिती प्रथमच घेण्यात आली.

२) हंगामी चढउतार : शेळ्या व कोंबड्यांची संख्या वेत, विक्री व सण यांनुसार बदलते.

३) उत्तरदात्याचा हेतू : कराच्या भीतीने संख्या कमी, तर अनुदानाच्या अपेक्षेने जास्त सांगितली जाऊ शकते.

उत्पादनाचे अंदाज :
दुधाचे उत्पादन प्रत्यक्ष मोजले जात नाही. नमुना पाहणीच्या आधारे दुभत्या जनावरांची संख्या व सरासरी दैनिक दूध यांच्या गुणाकाराने ते काढतात. दोन्ही आकडे १० टक्क्यांनी फुगलेले असल्यास गुणाकार २१ टक्क्यांनी फुगतो. म्हणजेच त्रुटी एकाच दिशेच्या असल्यास त्या परस्परांना छेद न देता वाढत जातात.

गणनाच न झाल्यास स्थिती अधिक बिकट होते. सुदानमध्ये १९७५-७६ च्या गणनेनंतर दीर्घकाळ गृहीत वृद्धिदराने संख्या काढली गेली. अशा आकड्यांत दुष्काळाने मेलेली जनावरे दिसत नाहीत.

निष्कर्ष :
पशुधनाची आकडेवारी त्याज्य नाही. मात्र ती गणना, नमुना पाहणी की प्रक्षेपण यांपैकी कशातून आली, हे नमूद केल्याविना तिच्यावरून निष्कर्ष काढू नयेत. संशोधक व अध्यापकांनी तक्त्याखाली वर्षाबरोबर पद्धतीचीही नोंद करणे, ही या दिशेने पहिली पायरी ठरेल.