सिस्टरना सांगितलं असतं तर...

गेल्या रमजानमध्ये आमच्या अब्बांना पायाच्या जखमेसाठी नगरच्या एका रुग्णालयात दाखल करावं लागलं. साखर वाढलेली, जखम चिघळलेली. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, रोजा ठेवायचा नाही. अब्बांनी मान डोलावली. पण वर्षानुवर्षं एकही रोजा न सोडलेला माणूस तो! पाचव्या दिवशी पहाटे त्यांनी आमच्या डब्यातून सहेरी केली आणि म्हणाले, "सिस्टरला सांगू नका." त्यांचं मन मोडवलं नाही. आम्ही गप्प राहिलो.

साडेसातला इन्सुलिनचं इंजेक्शन झालं. नाश्त्याचा उपमा आला, तो आम्ही शेजारच्या खाटेवरच्या मुलाला दिला. दहाच्या सुमारास अब्बांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं असंबद्ध झालं. सिस्टर धावत आल्या. बोटाला सुई टोचून पाहिलं, तर साखर ५२! अब्बा शुद्धीवर होते म्हणून लगेच ग्लुकोजचं पाणी पाजता आलं. डॉक्टरही आले. अर्ध्या तासात अब्बा सावरले, अल्हम्दुलिल्लाह. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नाश्ता करणार नाहीत हे मला सांगितलं असतं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी इंजेक्शन दिलंच नसतं."

आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिलेली आहे. हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं, अब्बांनाही. तरी आम्ही लपवलं. ज्या बाईच्या हाती आमच्या माणसाचा जीव होता, तिलाच अंधारात ठेवलं.

त्या दिवसापासून आम्ही एक वही केली. अब्बांनी काय खाल्लं, किती पाणी प्यायले, लघवी किती झाली, घरून आणलेली कोणती गोळी किंवा हकीमसाहेबांचं कोणतं चूर्ण पोटात गेलं, सगळं लिहायचं. सिस्टरांची पाळी साधारण सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री बदलते. त्या वेळी एक सिस्टर दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती देत असते. तेव्हा मध्ये बोलायचं नाही, ते आटोपलं की वही दाखवायची. चार दिवसांत सिस्टर स्वतःच विचारू लागल्या, "वही कुठंय?"

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. आमच्या वॉर्डात रात्री तीसेक खाटा आणि दोन सिस्टर. तीन हाका मारूनही कुणी येत नाही तेव्हा संताप येतो, आम्हालाही आला. मग दिसलं की दोघी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या छातीवर दाब देत होत्या.

नगरकरांच्या मनात ६ नोव्हेंबर २०२१ अजून ताजा आहे. जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोरोनाचे ११ रुग्ण त्या दिवशी दगावले. पुढे एका वैद्यकीय अधिकाऱ्यासोबत परिचारिकांनाही अटक झाली, परिचारिकांच्या संघटनांनी निषेध केला. दोष कुणाचा, ते ठरवणं आपलं काम नाही. पण वॉर्डात शिरताना नातेवाइकाच्या मनात संशय आणि परिचारिकेच्या मनात धास्ती, हे चित्र आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आवाज चढवला की सिस्टर कामापुरतं बोलतात. मारहाण केली, तर २०१० च्या राज्य कायद्यानुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते वेगळंच.

आता आपल्या घरांतल्या काही गोष्टी. जुम्याच्या नमाजनंतर शेवगाव-पाथर्डीहून नातेवाईक टेम्पो करून इयादतला आले, बारा माणसं खाटेभोवती. सिस्टरना सलाईनपर्यंत पोहोचता येईना. आजाऱ्याजवळ थोडंच बसावं, दुआ करून उठावं, हाच इयादतचा अदब. तो आपणच विसरतो आणि सिस्टरने बाहेर काढलं की रुसतो.

समोरच्या खाटेवरच्या एका चाचींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशीवर गेलं, कारण उपाशी ठेवलेलं असताना बहिणीने मायेने जमजमचे दोन-तीन घोट आणि शहद दिलं. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून तो उपास असतो. वुजूसाठी सलाईनची सुई ओली करण्याचंही तसंच. तयम्मुमची सोय आहे ना.

सिस्टर दर वेळी नाव विचारतात, मनगटाची पट्टी बघतात, त्याचाही वैताग नको. आमच्याच वॉर्डात एकाच नावाचे दोन शेख होते!

बायकांच्या बाबतीत मात्र संकोच न ठेवता मागावं. पुरुष डॉक्टर तपासत असतील, तर तिथे दुसरी स्त्री हजर असणं हा रुग्णाचा हक्क आहे. लघवीची नळी घालायची असेल, पट्टी बदलायची असेल, तर आधीच नम्रपणे सांगून ठेवावं: शक्यतो सिस्टरच असू द्या. ऐन वेळी पडदा ओढून वाद घालण्यापेक्षा ते बरं. आणि एक खोचक गोष्ट, रागावू नका. आपल्या आईला बाई नर्स हवी असते, पण मुलीने तीन वर्षांचा जीएनएम करतो म्हटलं की आपल्याला तिची रात्रपाळी आठवते. हजरत रुफैदा अस्लमिया (रजि.) यांचा तंबू मदिनेत मस्जिदीपाशीच होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) तिथेच ठेवले गेले होते.

सुट्टी होण्याआधी सिस्टरांनी आमच्या भाभींना इन्सुलिन टोचायला शिकवलं. जागा रोज बदलायची, जेवण समोर असल्याशिवाय सुई घ्यायची नाही. वहीच्या शेवटच्या पानावर वेळा त्यांच्याच अक्षरात आहेत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शीरखुर्म्याचा डबा घेऊन वॉर्डात गेलो. त्या सिस्टरांची रात्रपाळी होती, ड्युटीवर दुसऱ्याच होत्या. त्यांनी डबा ठेवून घेतला आणि आधी विचारलं, "बाबांनी नाही ना खाल्ला हा?"