विश्वस्त म्हणजे मालक नव्हे: कॅथलिक हॉस्पिसचा कारभार कसा चालतो



परवा बडोद्याहून एका ताईंचा फोन आला. त्यांचे वडील कॅन्सरनं गेले. शेवटचे तीन आठवडे ते सिस्टर चालवतात अशा एका हॉस्पिसमध्ये होते. तिथं कुणी एक पैसा मागितला नाही. आता ताईंना वडिलांच्या नावानं देणगी द्यायची आहे. त्यांनी विचारलं, "साहेब, त्या जागेचे मालक कोण? बिशप, सिस्टर की ट्रस्टी? माझा पैसा नक्की कुणाच्या हातात जाणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आजचा भाग त्यावरच. फौजेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी अशाच एका संस्थेचा विश्वस्त होतो. मी स्वतः कॅथलिक नाही. संस्थेचं नाव सांगणार नाही, कारण आज मला माझीच एक चूक सांगायची आहे.

आधी हॉस्पिस म्हणजे काय ते पाहू. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेला, की माणसाच्या वेदना कमी करणं, त्याला स्वच्छ ठेवणं, त्याच्याशी बोलणं, घरच्यांना धीर देणं, हे काम जिथं होतं ती जागा. लंडनच्या हॅकनी भागात आयर्लंडच्या धर्मभगिनींनी 1905 मध्ये सेंट जोसेफ्स हॉस्पिस सुरू केलं. पुढे डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी तिथं काम केलं आणि 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. त्याचं नाव शांती आवेदना सदन. कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते सुरू केलं. नंतर गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. रुग्णाची शुश्रूषा सिस्टर करतात, धर्म विचारत नाहीत आणि बिल देत नाहीत.

बिल नाही म्हणजे सगळा डोलारा देणगीवर उभा. आणि देणगी विश्वासावर येते. म्हणूनच अशा संस्थेत विश्वस्तांचं काम इतकं महत्त्वाचं.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. मालक कुणीच नाही. सार्वजनिक न्यासात मालमत्ता विश्वस्तांच्या नावावर असते, पण ती त्यांची नसते. ती एका हेतूला वाहिलेली असते. तो हेतू विश्वस्तपत्रात, म्हणजे ट्रस्ट डीडमध्ये लिहिलेला असतो. विश्वस्त किती, त्यांची मुदत किती, नेमणूक कोण करणार, कोरम किती, बिशप किंवा एखाद्या धर्मसंघाच्या प्रमुख पदसिद्ध विश्वस्त आहेत का, सगळे कॅथलिकच हवेत का, हे तेच कागद ठरवतात. एका हॉस्पिसमध्ये बिशप अध्यक्ष असतील, दुसऱ्यात त्यांचा कारभाराशी संबंधही नसेल. म्हणून आधी कागद वाचायचा, मग मत बनवायचं.

मी गेलो तेव्हा फौजी डोकं घेऊन गेलो. युनिटमध्ये कमांडिंग ऑफिसर हुकूम देतो आणि जबाबदारीही त्याचीच. इथं पहिल्याच बैठकीत कळलं की कमांडिंग ऑफिसर नावाचा माणूसच नाही. एकटा विश्वस्त, अध्यक्षसुद्धा, परस्पर काही ठरवू शकत नाही. ठराव होतो, इतिवृत्तात लिहिला जातो आणि मग तो सगळ्यांचा असतो. चुकला तरी सगळ्यांचा. गप्प बसलेल्याचाही.

दुसरी गोष्ट, विश्वस्तांनी वॉर्ड चालवायचा नसतो. कोणाला दाखल करायचं, मॉर्फीन किती द्यायचं, हे डॉक्टर आणि सिस्टर ठरवतात. विश्वस्तांनी विचारायचं ते वेगळं. मॉर्फीनचा साठा आणि नोंदवही जुळते का? अंमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अशी औषधं मिळणं सोपं झालं, पण हिशेब चोख ठेवावाच लागतो. रात्रपाळीला माणसं पुरेशी आहेत का? आया आणि वॉर्डबॉय यांचा पगार वेळेवर होतो का? हॉस्पिसचा रुग्ण तक्रार करायला पुढच्या महिन्यात येणार नसतो. त्याच्या वतीनं विचारणारं कुणीतरी हवं.

आता कायदा. अशी संस्था बहुधा दोन कायद्यांखाली चालते.

पहिला देशाचा. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे आणि त्यावर धर्मादाय आयुक्त देखरेख करतात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. जमीन किंवा इमारत विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यायची. मध्य प्रदेशात 1951 चा वेगळा कायदा आहे, राजस्थानात 1959 चा. तेव्हा इंदूर किंवा जयपूरच्या मंडळींनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा. काही संस्था सोसायटी किंवा कंपनी म्हणूनही नोंदलेल्या असतात. आयकराची नोंदणी असेल तर साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नाचा 85 टक्के भाग कामावर खर्च झाला पाहिजे. परदेशातून पैसा येत असेल, तर तो आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर त्यातला 20 टक्क्यांपेक्षा जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही.

दुसरा कायदा चर्चचा. संस्था चर्चच्या अधिकाराखालची असेल, तर 1983 ची धर्मसंहिताही लागू होते. तिचं कलम 1284 सांगतं की कारभाऱ्यानं घरच्या चांगल्या कर्त्या माणसासारखी काळजी घ्यावी, देशाचा कायदा पाळावा, जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्यात. कलम 1280 प्रमाणे कारभाऱ्याच्या मदतीला अर्थसमिती किंवा निदान दोन सल्लागार हवेत. आणि कलम 1267 म्हणतं की श्रद्धावंतांनी ज्या कामासाठी दान दिलं, त्याच कामासाठी ते वापरायचं. कॅथलिक गृहस्थांनी स्वतंत्रपणे काढलेल्या न्यासाला हे असंच लागू होत नाही. तिथं पुन्हा विश्वस्तपत्र पाहायचं.

हे शेवटचं कलम मला कसं समजलं, ते सांगतो.

एका बाईंनी आमच्या संस्थेला रुग्णवाहिकेसाठी रक्कम दिली होती. गाडी घ्यायच्या आधीच पावसाळा आला आणि पुरुषांच्या वॉर्डाचं छप्पर गळायला लागलं. खाटांच्या मधे बादल्या ठेवल्या. तातडीची बैठक बोलावली. मी म्हणालो, "पैसे पडून आहेत, माणसं भिजतायत. आज छप्पर करू, कागद नंतर जुळवू." फौजेत अडचणीच्या वेळी आम्ही असंच वागलो होतो. दोघांनी मान डोलावली.

मग हिशेब पाहणाऱ्या सिस्टर बोलल्या. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. "कर्नलसाहेब, तो पैसा आपला नाही. आपण त्यांना विचारू. हो म्हणाल्या तर वापरू." मला राग आला. माझ्या डोळ्यांसमोर बादल्या होत्या. पण ठराव सिस्टरांच्या बाजूनं झाला. पत्र गेलं.

बाईंचं उत्तर आलं: नाही. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्या यजमानांना शेवटच्या दिवसांत टॅक्सीच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं होतं. प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते. ती रक्कम त्या खड्ड्यांसाठी होती, छपरासाठी नव्हती.

पत्र वाचून झाल्यावर बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आपण काय करायला निघालो होतो, ते मला तेव्हा कळलं.

छपरासाठी आम्ही वेगळं आवाहन केलं. आसपासच्या वस्तीतून, चर्चमधून, माझ्या दोन जुन्या सहकाऱ्यांकडून पैसे आले. त्यात अकरा दिवस गेले. तेवढे दिवस प्रार्थनेच्या खोलीत खाटा लावल्या होत्या. छपराचं काम कुणाला द्यायचं हे ठरवताना एका विश्वस्ताच्या पुतण्याची निविदा आली होती. ते गृहस्थ स्वतःच उठून बाहेर गेले आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. काम पुतण्याला मिळालं नाही. पुढच्या महिन्यात रुग्णवाहिकाही आली.

ते अकरा दिवस सोपे नव्हते. त्यात आमच्या वॉर्डातले दोघे गेले, त्या प्रार्थनेच्या खोलीतच. त्यांच्यासाठी नियम मोडायला हवा होता का, हा प्रश्न मला आजही पडतो. पण मी त्या दिवशी जिंकलो असतो, तर पुढच्या वेळी कुणीतरी माझ्यापेक्षा कमी चांगल्या कारणासाठी हेच म्हणालं असतं. आणि त्याला अडवायला तोंड उरलं नसतं.

तर बडोद्याच्या ताई, आणि देणगी द्यायच्या विचारात असलेले तुम्ही सगळे, धनादेश लिहिण्याआधी एवढं विचारा. संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे? विश्वस्त कोण आहेत आणि वर्षातून किती वेळा बसतात? मागच्या वर्षाचा तपासलेला ताळेबंद दाखवता का? देणगी ठरावीक कामासाठी दिली तर तिचा हिशेब वेगळा ठेवता का? एखाद्या विश्वस्ताचा व्यवहारात स्वतःचा संबंध असेल तर काय करता?

विचारायला संकोच करू नका. चांगल्या संस्थेला राग येत नाही, तिथल्या सिस्टर वही उघडून दाखवतात. आणि देणगी कशासाठी आहे ते पत्रात स्पष्ट लिहा. कुणास ठाऊक, एखाद्या पावसाळ्यात तेच पत्र टेबलावर ठेवून सात माणसं निर्णय घेत असतील.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.