एका मुलाच्या चार फायली

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात पाचवीच्या वर्गात एक मुलगा दाखल झाला. गाव मराठवाड्यातले, आई-वडील वीटभट्टीवर कामाला, सोलापूर रस्त्याच्या कडेने जिथे काम मिळेल तिथे मुक्काम. मुलगा अबोल होता. मागून हाक मारली तर वळून पाहत नसे. श्रुतलेखनात ‘सात’ सांगितले तर ‘हात’ लिही. खेळाच्या मैदानावर मात्र पहिल्या पाचांत. आम्ही शिक्षकांनी त्याच्याविषयी मत बनवले आणि प्रगतिपुस्तकावर तीन शब्दांत लिहूनही टाकले: ‘लक्ष देत नाही’. दीड वर्ष तो मागच्या बाकावर बसला.

सहावीच्या दुसऱ्या सत्रात कार्यालयातील कपाट आवरताना त्याचे आरोग्य तपासणीचे कार्ड हाती लागले. शाळेत आलेल्या वैद्यकीय पथकाने तो दाखल झाला त्याच वर्षी त्यावर नोंद केली होती: कानांची तपासणी आवश्यक, जिल्हा रुग्णालयात पाठवावे. आम्ही त्याच्या आईला बोलावून घेतले. ती म्हणाली, “सर, तो चार वर्षांचा असतानाच अंगणवाडीच्या ताई बोलल्या होत्या, पोरगं उशिरा बोलतंय, मोठ्या दवाखान्यात दाखवा. दाखवायचं तर कुठं, अन् खाडा कोण भरून देणार?”

म्हणजे अंगणवाडीला ठाऊक होते, पथकाला ठाऊक होते, आईला ठाऊक होते. रोज त्याच्यासमोर उभे राहून शिकवणारे आम्ही तेवढे अनभिज्ञ होतो, आणि कागद आमच्याच कुलपात होता.

स्मरणिकेत शाळेच्या यशाचे लेख असतात व ते असावेतही. आम्हांला या पानांवर थोडे निराळे लिहावयाचे आहे. विशेष गरजा असलेल्या व दिव्यांग मुलांसाठीच्या सेवांचे संयुक्त नियोजन, असा एक जडसा शब्दप्रयोग अलीकडे प्रशिक्षणांत वारंवार ऐकू येतो. तो ऐकला की आम्हांला तो मागचा बाक आठवतो.

महाराष्ट्रात अशा एका मुलाची फाईल किती ठिकाणी असते ते पाहा. सहा वर्षांपर्यंत ते अंगणवाडीत, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. त्याची तपासणी करणारे पथक सार्वजनिक आरोग्य विभागाचे. २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येतात. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि वाढीतील विलंब, असे चार प्रकार ती जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तपासतात. मूल शाळेत गेले की शालेय शिक्षण विभाग. त्यातही समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक व साधनव्यक्ती समग्र शिक्षा अभियानाच्या. मूल विशेष शाळेत घातले तर विभाग पुन्हा वेगळा. आपल्या राज्यात विशेष शाळा दीर्घकाळ समाजकल्याणाकडे, पुढे सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग निर्माण झाला. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. प्रत्येक खाते आपापले काम प्रामाणिकपणे करीत असेलही. परंतु प्रत्येक खात्याच्या नोंदवहीत त्या मुलाचा एकेक अवयव तेवढा नोंदलेला असतो. अखंड मूल कोणाच्याच वहीत नसते.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला या विभागणीचे मूळ शोधावेसे वाटले. मुंबईत मूकबधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, अंधांची शाळा १९०० मध्ये. दोन्ही मिशनऱ्यांनी काढल्या. पुण्यातील अंधशाळा १९३४ ची. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. तथापि अपंग मुलाचे शिकणे हा दयाधर्माचा विषय ठरला तो तेव्हापासून. शिक्षणखात्याने त्याकडे आपले काम म्हणून पाहिले नाही. स्वातंत्र्यानंतरही हे वळण टिकले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात या मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळांत शिकवावे असे सुचविले, १९७४ मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली, पण ती दिली कल्याण खात्याकडे. शिक्षण खात्याकडे ती यायला १९८२ उजाडले. जे मूल शाळेत शिकते ते शिक्षण खात्याचे, एवढी साधी गोष्ट कागदावर यायला आठ वर्षे लागली.

शब्दाविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्यास बाबासाहेबांनी विरोध केला व आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग केला, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. दुसऱ्याने बहाल केलेल्या दैवी नावाने आपली स्थिती बदलत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो. आम्ही या लेखात सरकारी शब्द वापरला आहे, कारण अर्ज त्याच नावाने करावा लागतो.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते एकवीस झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल, थॅलेसेमिया हे सारे त्यात आले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ते जवळच्या शाळेत असो की विशेष शाळेत. शाळकरी मुलांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करून त्यांच्या गरजा नोंदवाव्यात, असेही कलम १७ सांगते. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती मोजल्या, त्या जुन्या व्याख्येने. एकवीस प्रकार धरले तर आकडा वाढेल हे उघड आहे.

यातील ‘लक्षणीय’ म्हणजे किमान चाळीस टक्के. येथे अनेक पालक अडतात आणि आमचा मुलगाही येथेच अडला. त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते, वर्गात मागे बसून शिकणे अशक्य व्हावे इतके कमी. पण प्रमाणपत्रावरचा आकडा चाळिसाच्या आत राहिला. त्यामुळे साहित्य-साधनांच्या योजनेतून श्रवणयंत्र मिळेना. टक्केवारी ही लाभ वाटपाची मोजपट्टी आहे. वर्गात मुलाला काय लागते, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. पुढच्या बाकावर बसवणे, बोलताना फळ्याकडे न वळता त्याच्याकडे तोंड ठेवणे, श्रुतलेखनाऐवजी दुसऱ्या रीतीने परीक्षण करणे, यांपैकी कशालाही प्रमाणपत्र लागत नव्हते. ते आम्ही पहिल्या दिवशी करू शकलो असतो.

संयुक्त नियोजनाची एक जुनी आणि आम्हांला सर्वांत स्पष्ट वाटणारी मांडणी विनयपिटकाच्या महावग्गात आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसतो. ते विचारतात, तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही? तो सांगतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. तथागत आनंदाकडून पाणी मागवून स्वतः ते ओततात आणि आनंद त्याला धुतो, दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही घेतला आहे. प्रवचनांतून आपण करुणेचा हा भाग ऐकतो. त्यानंतरचा भाग क्वचित सांगितला जातो. तथागत संघाला एकत्र बोलावतात आणि क्रम ठरवून देतात: उपाध्याय असेल तर त्याने बरे होईपर्यंत पाहावे, तो नसेल तर आचार्याने, नसेल तर शिष्याने, सहाध्यायीने, कोणीच नसेल तर संघाने. न पाहिल्यास दोष लागेल. तेथे एकही भिक्खू दुष्ट नव्हता. कोणाचे काम, हे ठरलेले नव्हते, एवढेच. पाणी आणणाऱ्या आनंदाइतकीच ती क्रमवारी आम्हांला मोलाची वाटते.

याच ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात ही कल्पना नाकारली आहे. हे येथे सांगण्याचे कारण असे की आपल्याही घरांतून ‘मागच्या जन्मीचे भोग’ हे शब्द आम्ही ऐकले आहेत, आणि असे म्हणणारी घरे मुलाला तपासणीपर्यंत आणतच नाहीत.

इतरत्र काय घडते? इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने स्थानिक प्रशासन व आरोग्य यंत्रणा यांनी या मुलांच्या सेवा एकत्र बसून ठरवाव्यात असे बंधन घातले. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि संगोपन यांचा मिळून एकच आराखडा, पंचवीस वर्षांपर्यंत चालणारा. तेथेही पालकांना त्यासाठी न्यायाधिकरणाकडे धाव घ्यावी लागते, तेव्हा कायदा झाला की काम झाले असा भ्रम नको. पण एक मूल, एक कागद, ही कल्पना आपल्याला उसनी घेण्यास हरकत नाही. तिला फारसा पैसा लागत नाही.

आमच्या शाळेत आम्ही तेवढेच केले. प्रत्येक अशा मुलासाठी एक वही घातली. पहिल्या पानावर अंगणवाडीपासूनचा इतिहास, पालकांच्या तोंडून ऐकून लिहिलेला. पुढे आरोग्य पथकाचा शेरा, विशेष शिक्षकांचे निरीक्षण, वर्गशिक्षकाचे निरीक्षण. त्यानंतर तीन रकाने: काय करायचे, कोणी करायचे, कोणत्या तारखेपर्यंत. वर्षातून दोनदा पालक, वर्गशिक्षक, वसतिगृह अधीक्षक व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिचारिका ताई एकत्र बसतात. विशेष शिक्षक येऊ शकले तर उत्तमच. पहिल्या बैठकीत कळले की अधीक्षकांना तो मुलगा रात्री झोपेत हाक मारल्यास उठत नाही, हे ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. निवासी शाळेत आई जवळ नसते. तिचे डोळे अधीक्षकांकडे, स्वयंपाकीण मावशींकडे आणि शेजारच्या पलंगावरील मुलाकडे असतात. म्हणून आता त्यांचाही रकाना आहे.

स्थळाचा विचारही नियोजनात धरावा लागतो. लोणी काळभोरहून औंधचे जिल्हा रुग्णालय म्हणजे सारे पुणे ओलांडून जाणे. मजुराचा अख्खा दिवस त्यात जातो, आणि एका खेपेत काम होईलच असे नाही. ससून मात्र पुणे स्टेशनच्या जवळ आहे, आणि लोणीहून रेल्वे आहे. आम्ही हे शिकलो ते तीन फेऱ्या वाया गेल्यानंतर. आता तीन-चार मुलांची तपासणी एकाच दिवशी घेतो, सोबत एक शिक्षक जातो आणि आईचा खाडा वाचतो. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी कार्यालयांचे उंबरे झिजवले, त्यांच्याच मुलाला आणखी एका दाखल्यासाठी तेच पुन्हा करावे लागणे, हा दुहेरी भार बैठकीतल्या एका ओळीने हलका होतो.

पैशाचा एक स्रोत आपल्या गावातच आहे व तो पुष्कळांना ठाऊक नसतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. आमचे अनेक माजी विद्यार्थी आज आपापल्या गावी सदस्य, सरपंच, ग्रामसेवक आहेत. ग्रामसभेत त्यांनी हा प्रश्न विचारावा: ती रक्कम किती होती, कोणत्या मुलासाठी, कशावर खर्च झाली? जे रुग्णालयात, आरोग्य खात्यात, शिक्षण खात्यात नोकरीला आहेत त्यांनी वर्षातून एक दिवस आमच्या बैठकीस यावे. आपल्या खात्यातला कागद कोणत्या टेबलावर अडतो हे आतल्या माणसालाच कळते.

त्या मुलाचे श्रवणयंत्र शेवटी एका जुन्या तुकडीने वर्गणी काढून घेतले. ते कानी लावल्यावर पहिल्या दिवशी तो पंख्याचा आवाज ऐकून वर पाहत राहिला आणि मधल्या सुट्टीत कान झाकून बसला. गोंगाट त्याला सोसेना. सवय व्हायला दोन महिने लागले. प्रगतिपुस्तकावरचा तो शेरा आम्ही खोडला नाही. त्याखाली तारीख घालून दुसरा लिहिला.

वहीत त्याच्या पानावर एक ओळ अजून अपुरी आहे. यंत्राला बटणाएवढी बॅटरी लागते, ती आठ-दहा दिवसांत संपते. शाळा चालू असताना ती अधीक्षक बदलतात. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, भट्टीवर, ती कोण आणून देणार? ‘काय करायचे’ हा रकाना भरलेला आहे. ‘कोणी’ या रकान्यात आम्ही पेन्सिलीने आमचेच नाव लिहिले आहे, आणि पुढच्या बैठकीत ते शाईने लिहिण्याआधी त्याच्या आईशी बोलायचे आहे.