पुढे गेलेल्या मानेचं काय करायचं?

2019 च्या जून महिन्यात एका बातमीने जगभर धुमाकूळ घातला. मोबाइल बघून बघून म्हणे तरुणांच्या डोक्याला मागून शिंगं फुटू लागली आहेत! मूळ संशोधन ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचं, आदल्या वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये आलेलं. बाराशे एक्स-रे तपासून दोघा संशोधकांनी कवटीच्या मागच्या उंचवट्यावरची हाडाची वाढ मोजली होती. ही वाढ तरुणांत जास्त दिसली, तेव्हा मान खाली घालून मोबाइल बघण्याचाच हा परिणाम असावा, असा त्यांचा तर्क. गंमत अशी, की कोण किती वेळ मोबाइल बघतो हे त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. दोघांपैकी एकाचा शरीराची ठेवण सुधारणाऱ्या उशा विकण्याचा धंदा आहे, हेही पुढे बाहेर आलं आणि नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली. तोवर शिंगं घरोघरी पोचली होती.

शिंगं खोटी, पण मान पुढे येते हे खरं. घरातल्या कुणाला सहज उभं राहायला सांगावं आणि बाजूने पाहावं. कान साधारण खांद्याच्या सरळ वर यायला हवा. पुष्कळांचा तो चांगला दोन-तीन बोटं पुढे असतो. फिजिओथेरपिस्ट हेच कोनात मोजतात. मानेच्या तळाशी हाताला लागणारा सातवा मणका आणि कानाचं भोक जोडणारी रेषा आडव्या रेषेशी सुमारे 50 अंशांपेक्षा कमी कोन करत असेल, तर मान पुढे आहे असं धरतात. घरी भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी कळतं. नजर समोर ठेवून डोकं भिंतीला सहज टेकतं का? वय झालेल्या माणसाचं पूर्वी टेकणारं डोकं आता काही केल्या टेकत नसेल, तर मात्र दोष सवयीला देऊन भागत नाही. हाडं ठिसूळ होऊन पाठीचे मणके दबले असतील तरी असं होतं, म्हणून डॉक्टरांना दाखवावं.

माणसाचं डोकं सुमारे पाच किलोचं. भरलेली बादली अंगालगत धरली तर जड वाटत नाही, हात लांब करून धरली की मिनिटात खांदा भरून येतो. मानेच्या मागच्या स्नायूंचं तसंच होतं. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये याचा हिशेब मांडला. मान 15 अंश झुकली तर मणक्यांवरचा भार सुमारे 12 किलो, 30 अंशांना 18 आणि 60 अंशांना 27 किलो. हे आकडे तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताहेत. फिरवणारे एवढंच सांगत नाहीत, की ते संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेले आहेत, जिवंत माणसाच्या मानेत मोजलेले नाहीत.

डोकं पुढे गेलं तरी नजर समोर ठेवावी लागते. मग मानेचा खालचा भाग पुढे वाकतो आणि वरचा मागे मुडपतो. कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू सतत आवळलेले राहतात, मानेपासून खांद्यापर्यंतचा जाड स्नायू दगडासारखा होतो, आणि मणक्यांना समोरून आधार देणारे खोलवरचे स्नायू काम नसल्यामुळे ढिले पडतात. चेक डॉक्टर व्लादिमीर यांदा यांनी या जोडगोळीचं नेमकं वर्णन केलं होतं. छाती आणि मानेची मागची बाजू आखडलेली, तर गळ्याच्या आतले आणि पाठीच्या पात्यांमधले स्नायू दुबळे. पाठीला पोक येतो, तो इथूनच. मानेतून सुरू होऊन कपाळापर्यंत येणारी डोकेदुखी, हात वर करताना अडणारा खांदा, आखडलेला जबडा यांची नाळ पुष्कळदा इथे जुळते. बरगड्या नीट न फुलल्यामुळे श्वासही थोडा उथळ होतो.

मग मान पुढे गेलेल्या प्रत्येकाला दुखायला हवं, नाही का? तसं होत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात सतरा वर्षांच्या 1108 मुलामुलींच्या मानेची ठेवण तपासली गेली. 2016 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. मोठ्या माणसांत मात्र मान दुखणाऱ्यांची मान अधिक पुढे असल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत दिसलं आहे. म्हणजे ‘ताठ बस’ म्हणून दिवसभर मुलांच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. नडतं ते एकाच स्थितीत तासन्‌तास बसणं. येवल्याचा पैठणी विणणारा, दिव्याखाली कुंदन बसवणारा सोनार, मशिनवर वाकलेला शिंपी यांच्या माना मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून अवघडत आल्या आहेत.

उपाय स्वस्त आहेत, म्हणून कदाचित त्यांची जाहिरात होत नाही. पहिला व्यायाम हनुवटी मागे घेण्याचा. ताठ बसावं, नजर समोर. हनुवटी खाली न वाकवता किंवा वर न उचलता सरळ मागे सरकवावी, क्षणभर गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेल इतकी. पाच सेकंद थांबून सोडावं. असं दहादा, दिवसातून दोन-तीन वेळा. दुसरा उताणं झोपून करायचा. डोकं न उचलता अगदी हलकेच ‘हो’ म्हटल्यासारखी मान डोलवायची आणि धरून ठेवायची. गळ्यापुढचे मोठे स्नायू टरारले तर जोर जास्त झाला असं समजावं. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्वेंडोलिन जुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेमुळे डोकेदुखी होणाऱ्या 200 जणांवर केलेल्या चाचणीत अशा हलक्या व्यायामांच्या सहा आठवड्यांच्या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला.

वेळ नाही ही सबब डेन्मार्कच्या संशोधकांनी मोडीत काढली. मान-खांदे दुखणाऱ्या 198 कर्मचाऱ्यांपैकी काहींना त्यांनी रबरी पट्टा ताणून हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दिला, आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं. दहा आठवड्यांत दुखणं कमी झालं, आणि बारा मिनिटं करणाऱ्यांनाही साधारण तेवढाच फायदा झाला.

बाकी घरातल्या घरात. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी, कीबोर्ड वेगळा घ्यावा. मोबाइल मांडीवरून छातीपर्यंत उचलावा. अर्ध्या तासाने उठावं, पाणी प्यायला का होईना. दुहेरी काचांचा चष्मा लावून संगणकावर काम करणारे खालच्या काचेतून दिसावं म्हणून नकळत हनुवटी वर काढून बसतात. त्यांनी स्क्रीनच्या अंतरासाठी वेगळा नंबर आहे का, हे विचारून घ्यावं. पाठ ओढून धरणारे पट्टे मात्र पैसे घालवण्याची सोय. ते घातले असतात तेवढाच वेळ खांदे मागे राहतात.

आणि केस कापून झाल्यावर मान कडकन्‌ मोडून घ्यायची हौस आवरावी. अशा झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून पक्षाघात होऊ शकतो. हातांना मुंग्या येऊन पकड ढिली पडत असेल, शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.